कांचनाबुरीहून परतल्यावर : छळणाऱ्याला माफ करता येतं?

घाटपायथा
मागच्या महिन्यात आईबाबांना घेऊन थायलंडला जाऊन आलो. बँकॉक-पटाया सगळेच करतात, आम्हीही केलं. (पटायात बाबा दोन दिवस हॉटेलच्या लॉबीत मान खाली घालून बसून होते, तो वेगळ्या धाग्याचा विषय.) बाबा फौजेतून निवृत्त, म्हणून एक दिवस काढून कांचनाबुरीला गेलो. दुसऱ्या महायुद्धातला तो प्रसिद्ध रेल्वेपूल तिथे आहे. गंमत म्हणजे पूल बांधला तेव्हा ती नदी क्वाय नव्हतीच, मे क्लाँग होती. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा सिनेमा गाजला, पर्यटक 'क्वाय'वरचा पूल शोधत यायला लागले, मग थाई लोकांनी नदीचंच नाव बदललं. याला म्हणतात धंदा.

पुलापासून थोडं अलीकडे युद्धकैद्यांची दफनभूमी आहे. जवळजवळ ७००० थडगी, हिरवळ अगदी कातरून ठेवलेली. बहुतेकांची वयं पंचविशीच्या आतबाहेर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : समुद्रमार्गे रसद पाठवणं धोक्याचं झालं म्हणून जपान्यांनी थायलंड ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग १९४२-४३ मध्ये जंगल कापून वर्षभरात उभा केला. साठ हजारांवर दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी त्यावर राबले, बारा हजारांवर मेले. कॉलरा, आमांश, उपासमार, मारहाण.

त्यातल्या एकाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. एरिक लोमॅक्स, एडिंबरोचा, ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल्समधला (संदेशवहन दल) अधिकारी, लहानपणापासून आगगाड्यांचा वेडा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा पकडला गेला. कांचनाबुरीच्या कॅम्पात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी चोरून रेडिओ बनवला, बाहेरच्या बातम्या ऐकायला. ऑगस्ट १९४३ मध्ये तो सापडला. दोन अधिकारी मारहाणीत मेले. लोमॅक्सचे हात मोडले. वर त्याच्याकडे रेल्वेमार्गाचा स्वतः काढलेला नकाशा मिळाला, मग केंपेताईच्या (जपानी लष्करी पोलीस) ताब्यात. नाकातोंडात पाण्याची धार सोडून चौकशी. आणि कानाशी सतत एकच आवाज, चौकशी करणाऱ्याच्या दुभाष्याचा : कबूल कर, कबूल कर.

त्या दुभाष्याचं नाव नागासे ताकाशी. युद्ध संपल्यावर दोस्तांच्या पथकाबरोबर तोच दुभाषी म्हणून कैद्यांची थडगी शोधत त्या मार्गावर फिरला आणि पार बदलून गेला. पुढे शंभरावर वेळा थायलंडला आला, पुलाजवळ बौद्ध मंदिर बांधलं. इकडे लोमॅक्स पन्नास वर्षं रात्री दचकून उठत होता आणि सूडाचे बेत करत होता. लोमॅक्सच्या दुसऱ्या बायकोने, पॅटीने, १९९१ साली नागासेला पत्र लिहिलं. १९९३ मध्ये दोघं म्हातारे त्याच पुलापाशी भेटले. नागासे थरथरत होता, रडत होता. पुढे जपानमध्ये लोमॅक्सने त्याला लेखी माफी दिली. उरलेली वर्षं दोघं मित्र होते.

प्रश्न साधा आहे. तुम्हाला जमलं असतं? मी चार आठवडे विचार करतोय, मला 'हो' म्हणता येत नाही.

बे_एके_बे
मी पयला. आता वाचतो.

शब्दवेल्हाळ
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मी २०१४ पासून माफ केलेलं नाही, आणि त्याने फक्त माझी पाण्याची टाकी बंद केली होती. तेव्हा माझं उत्तर समजून घ्या.

बे_एके_बे
वाचलं. हसायला आलो होतो, पहिल्या प्रतिसादाची लाज वाटतेय. राहू दे आता.

तिरपागडा
लेख चांगला आहे, पण मिठाचा खडा टाकतो. नागासे दुभाषी होता. त्याने स्वतः हात उचलला नाही. माफी मागायला नेहमी असाच माणूस येतो, ज्याला थोडीफार लाज शिल्लक असते. ज्यांनी ओंडक्यांनी हाडं मोडली ते कुठे आले? म्हणजे लोमॅक्सने माफ केलं ते त्या खोलीतल्या सगळ्यात कमी दोषी माणसाला. हे म्हणजे वसुली अधिकाऱ्याचा राग शिपायावर काढून, नंतर शिपायाशीच समेट करण्यासारखं आहे.

शिवाय मंदिर, पुस्तक, कॅमेरे. भेटीचं चित्रीकरण झालं होतं ना? कॅमेऱ्यासमोर कोण म्हणेल 'नाही करत माफ, चालता हो'?

घाटपायथा
@तिरपागडा, मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. त्या दोन अधिकाऱ्यांच्या मृत्यूबद्दल कोमाई मित्सुओ नावाच्या जपानी कॅप्टनला युद्धानंतर खटला होऊन फाशी झाली. म्हणजे हाडं मोडणाऱ्यांपैकी एकाचा हिशोब कोर्टाने केला होता. पुढे त्या कॅप्टनचा मुलगा, स्वतः म्हातारा झालेला, इंग्लंडला लोमॅक्सच्या घरी गेला, बापाच्या वतीने माफी मागायला. बापाला फाशी झाली, आणि मुलगा जातोय माफी मागायला. तिथे काय बोलणं झालं असेल याचा मी विचार करत राहतो.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर, लेखी माफी त्याने नंतर दिली, चहूकडे माणसं नसताना. लगेच दिली नाही हेच मला महत्त्वाचं वाटतं.

तिरपागडा
मुलाचं माहीत नव्हतं. अर्धा शब्द मागे. अर्धा ठेवतो.

रानमेवा
मी दोनदा गेलेय कांचनाबुरीला, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं बँकॉकमध्ये होतो. धागाकर्त्याने जे लिहिलं नाही ते लिहिते.

त्या मार्गावर गोऱ्या कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर होते. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमीळ, ब्रह्मी, मलाय, जावानीज. दोन लाखांच्या आसपास धरतात. चांगली मजुरी, तीन महिन्यांचं काम असं सांगून नेले, पुढे पुढे तर सरळ उचलून नेले. त्यांच्यात अधिकारी नव्हते, डॉक्टर नव्हते, शिस्त लावणारं कोणी नव्हतं. कॉलरा आला की अख्खी वस्ती संपायची. किती मेले याचा नक्की आकडा नाही, कारण कोणी मोजलंच नाही. कमीत कमी अंदाजही कैद्यांच्या मृत्यूंच्या कितीतरी पट आहेत.

घाटपायथा, तुम्हाला ७००० थडगी दिसली. त्यात तमीळ नावं किती दिसली? पुलाच्या जवळ जपानी सैन्यानेच १९४४ मध्ये बांधलेला एक स्मृतिस्तंभ आहे. त्यावर तमीळमध्येसुद्धा मजकूर आहे. मारणाऱ्यांनी निदान भाषा तरी आठवली. बाकी कोणी नाही.

आता सांगा, त्यांच्या वतीने कोण माफ करणार? नागासे कोणाच्या घरी जाणार? पत्ताच नाही.

मंगळवारपेठी
रानमेवा, _/\_

कोरेगावकर
रानमेवा यांच्या 'कोणी मोजलंच नाही'वरून. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, १९१४ ते १९१९, इतकी परत आली नाहीत. सातारा-रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत अशा पाट्या आहेत. लहानपणी आम्ही तिच्यावर चेंडू मारायचो, कारण उसळी सरळ यायची.

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की त्या पाटीचा एक धागा कुतला जातो. मेसोपोटेमियातलं (आजचा इराक) कुत-अल-अमारा. १४७ दिवसांचा वेढा, मग २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायची वेळ आली, कित्येकांनी धर्म जाईल म्हणून शेवटपर्यंत नाकारलं आणि तिथेच खंगले. शरणागतीनंतर तुर्कांनी शिपायांना उन्हातून वाळवंटातून पायी पिटाळत वर नेलं आणि पुढे कुठे लावलं माहिती आहे? रेल्वे बांधायला. बगदाद रेल्वे, रास-अल-ऐन, तिकडच्या डोंगरातले बोगदे. म्हणजे कांचनाबुरीच्या २७ वर्षं आधी हाच प्रकार.

आणि आपल्या शिपायांचा इंग्रज सेनापती टाऊनशेंड? तो इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात, पाहुण्यासारखा. माझ्या पणजोबांच्या पिढीने माफ कोणाला करायचं होतं, तुर्काला की टाऊनशेंडला, हा प्रश्न मला जास्त पडतो.

हवाईचप्पल
कोरेगावकर, शेवटचं वाक्य चौकटीत लावा.

उंबरठा
बराच वेळ लिहू की नको करत होते. आमच्या वाड्यात एक तात्या होते. रक्ताचे नाहीत, पण आम्हा सगळ्या मुलांचे तात्या. ते सिंगापूरला पकडले गेलेल्यांतले. आझाद हिंद सेनेत गेले नाहीत. का, ते कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, कारण त्या काळी विचारलं की वाड्यात दोन तट पडायचे. जपान्यांनी त्यांना बोटीत कोंबून न्यू गिनीला नेलं. तिथल्या जंगलातून १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियनांनी सोडवलं. त्यांच्या तुकडीतले मोजकेच आले म्हणायचे. 'मोजकेच' म्हणताना एका हाताची बोटं दाखवायचे, पण सगळी नाही.

तात्या कधी जपान्यांना शिव्या द्यायचे नाहीत. फक्त काही गोष्टी करायचे नाहीत. रांगेत उभे राहायचे नाहीत. रेशनला काकूच जायच्या. कोणी मान झुकवून नमस्कार केला की तोंड फिरवायचे. (तिकडे पहारेकऱ्याला कमरेतून वाकावं लागायचं, नाही वाकलं की काठी.)

१९८६-८७ साली त्यांच्या मुलाने मारुती घेतली. वाड्यातली पहिली. नारळ फोडला, पेढे वाटले, तात्या आले, बोनेटवरून हात फिरवला, मागे गेले, मागची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "नुसता मारुती असता तर बसलो असतो. त्याच्या शेपटाला सुझुकी कशाला बांधलाय?" आणि घरात निघून गेले. दोन वर्षं त्या गाडीत बसले नाहीत. मुलगा गाडीने, तात्या मागून एसटीने. लग्नकार्यांनासुद्धा.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, बाहेर पाऊस, रिक्षा मिळेना. मुलाने हात धरून गाडीत बसवलं. तात्या घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "इंजिन बरं आहे."

बास. एवढीच त्यांची माफी. त्यानंतर बसायला लागले, पण पुढच्या सीटवर नाही.

शब्दवेल्हाळ
"इंजिन बरं आहे". आज दिवसभर काही वाचणार नाही मी आता.

बे_एके_बे
पुढच्या सीटवर का नाही?

उंबरठा
बे_एके_बे, तेही कधी विचारलं नाही.

हवाईचप्पल
मला वेगळ्या बाजूने सांगायचंय. शत्रूला माफ करण्याआधी शत्रूकडून काय मिळालं होतं, यावरही असतं ना?

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. नाव ऐकलं असेलच. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं, रावळपिंडीच्या कॅम्पात आपल्या वैमानिकांबरोबर ठेवलं. युद्ध संपून आठ महिने झाले तरी सुटका होईना. १९७२ च्या ऑगस्टात, तिकडच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी खोलीच्या भिंतीला भोक पाडून पसार झाले. बसने पेशावर, तिथून पुढे लंडी कोतल. अफगाण सीमा अगदी हाकेवर.

तिथे घात झाला तो एका स्टेशनाने. त्यांच्याकडच्या नकाशावर पुढे लंडीखाना होतं, म्हणून लोकांना विचारलं, लंडीखान्याला कसं जायचं. ते स्टेशन इंग्रजांच्या काळातच बंद पडलेलं! लोकांना संशय आला, धरले. तो मुलूख असा की हेर म्हणून तिथल्या तिथे गोळी घातली असती तर कोणी विचारलं नसतं. पारुळकरांनी डोकं चालवलं. म्हणाले आम्ही पाकिस्तानी हवाईदलाचे, हवाईदल प्रमुखांच्या एडीसीला (मदतनीस अधिकाऱ्याला) फोन लावा, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. हा उस्मान म्हणजे रावळपिंडी कॅम्पाचा आधीचा प्रमुख, कैद्यांशी माणसासारखा वागणारा. फोनवर त्याला क्षणात कळलं काय झालंय ते. त्याने सांगितलं, आमचीच माणसं आहेत, कोठडीत ठेवा, पण हात लावू नका.

१ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघा ओलांडून परत आले. आता सांगा, असा उस्मान आयुष्यात भेटलेल्या माणसाला 'शत्रूला माफ कर' म्हणायची गरज आहे का? लोमॅक्सला उस्मान भेटला नाही, त्याला फक्त 'कबूल कर' म्हणणारा भेटला.

सिंहगडरोड
पारुळकरांचं भाषण मी ऐकलंय. पळून जाण्याची गोष्ट सहलीसारखी सांगायचे, सभागृह हसून हसून बेजार.

अदिती_का
हवाईचप्पल, किस्सा माहीत आहे आणि आवडतोही. पण प्रत्येक वेळी १९७१ च्या कैद्यांचं नाव निघालं की आपण परत आलेल्यांचीच गोष्ट सांगतो.

न आलेल्यांची यादी आहे, ५४ नावांची. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती बाई आयुष्यभर मंत्रालयांचे उंबरे झिजवत राहिली. १९८३ मध्ये कुटुंबीय पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेले, २००७ मध्ये पुन्हा गेले. हाती काही नाही.

माफ करायला आधी काय झालं ते कळावं लागतं. लोमॅक्सला आपला गुन्हेगार नावानिशी मिळाला, त्याचा फोटो मिळाला, पत्ता मिळाला. हे फार मोठं भाग्य आहे, ऐकायला विचित्र वाटेल तरी.

रानमेवा
अदिती +१००. माझ्या तमीळ मजुरांचं तेच.

कट्टर_नागपुरी
९३००० कैदी आपण बिर्याणी खिलवून परत पाठवले आणि आपले ५४ आणता आले नाहीत. माफीबिफी दुबळ्यांची भाषा आहे. तेव्हाच्या सरकारनं जर

*[पुढचा मजकूर संपादित. धाग्याचा विषय वाचा. आजचे पक्ष, कालचे पंतप्रधान इथे नकोत, त्यासाठी वेगळा विभाग आहे. — संपादक]*

कट्टर_नागपुरी
अर्धं वाक्य तरी ठेवा राव, मी निरक्षर वाटतोय.

कृष्णाकाठ
वातावरण हलकं करायचंय, पण विषय तोच. १९ सप्टेंबर १९६५. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता बसलेलं छोटं बीचक्राफ्ट विमान कच्छवर पाडलं गेलं, आठ जण गेले. पाडणारा पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन, तेव्हा पोरसवदा. वरून हुकूम आला, त्याने पाडलं. ४६ वर्षांनी, २०११ मध्ये, त्याने त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनियर यांच्या मुलीचा ईमेल शोधून काढला आणि पत्र लिहिलं. आणि तिने उत्तर दिलं, मनात कडवटपणा न ठेवता. त्याचं ओझं हलकं व्हावं असंच उत्तर होतं ते.

मला यात खटकतं ते एवढंच की पत्रात त्याने आपण हुकूम पाळला हेही नीट मांडलं होतं. माफी मागताना 'पण' आला की ती माफी राहते का?

तिरपागडा
कृष्णाकाठ, 'पण' नसलेली माफी फक्त सिनेमात असते. आणि हुकूम होता हे खरंच असेल तर ते का लिहू नये? उलट ते न लिहिता नुसतं रडणं मला जास्त खोटं वाटेल. (बघा, मी चक्क माफी मागणाऱ्याची बाजू घेतोय. धागा काय काय करतो माणसाचं.)

शब्दवेल्हाळ
दोन डझन प्रतिसाद होत आले आणि अजून कोणी पसायदान आणलं नाही. माबोकर मिपाकर (मायबोली-मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवरचे) म्हणवता ना स्वतःला?

वारकरी_व्हाया_विरार
मी टाईप करतच होतो, आता खोडलं. पण एकनाथांच्या अंगावर थुंकणारा तरी राहू द्या. तो १०८ वेळा थुंकला, नाथ १०८ वेळा गोदावरीत अंघोळ करून आले.

मंगळवारपेठी
नाथांना नदी जवळ होती. लोमॅक्सला त्याच पाण्याची भीती घातली होती.

वारकरी_व्हाया_विरार
...निरुत्तर.

ओसाकावासी
इथे अकरा वर्षं झाली. जपानी लोकांवर सरसकट लिहायचं धाडस करत नाही, शेजारच्या एका आजींचं सांगतो. नव्वदीच्या घरातल्या. त्यांचे वडील मांचुरियात होते. युद्ध संपलं आणि सोव्हिएत फौजांनी त्यांना धरून सैबेरियात नेलं. असे पाच-सहा लाख जपानी सैनिक होते, दहातला एक तरी तिथेच मेला. लाकूडतोड, खाणी, आणि पुन्हा तेच, रेल्वे. आजी सांगतात, वडील चार वर्षांनी माइझुरू बंदरात उतरले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही आणि घाबरून आईच्या मागे लपले.

मी एकदा, जरा आगाऊपणे, कांचनाबुरीचा विषय काढला. आजी बराच वेळ चहाच्या पेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वडील मांचुरियाच्या आधी कुठे होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि मला आणखी चहा दिला.

मनोवाटा
समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा कोरडं लिहिते. 'माफ केलं की मन मोकळं होतं' हे वाक्य मी क्लायंटसमोर कधीच म्हणत नाही. छळ भोगलेल्या माणसावर माफीची सक्ती हा दुसरा छळ असतो, आणि तो बहुतेक घरची, देवळातली, चांगली माणसं करतात.

लोमॅक्सच्या बाबतीत क्रम बघा. नागासे नंतर आला. आधी एक संस्था आली, छळग्रस्तांसाठी काम करणारी, हेलन बॅम्बर यांची. तिथे पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यासमोर घड्याळाकडे न बघता बसलं. तोवर तो घरातसुद्धा बोलत नव्हता. एखादं बिलाचं पत्र आलं, कोणी उलट प्रश्न विचारला, की तो माणूस आतून बंद व्हायचा. पहिलं लग्न यातच गेलं. सैन्याने परत आलेल्यांना तेव्हा सांगितलं काय, तर घरी जा आणि विसरा.

म्हणजे आधी झोप, मग बोलणं, मग जमलं तर भेट. माफी सगळ्यात शेवटी, आणि नाही आली तरी चालतं. उंबरठा यांच्या तात्यांनी पुढची सीट दिली नाही, त्यात काहीही कमी नाही.

उंबरठा
मनोवाटा, हे वाचून बरं वाटलं. तात्यांना कोणी असं म्हणायला हवं होतं.

कोरेगावकर
घाटपायथा कुठे गेले? धागा पेटवून धागाकर्ता गायब, हे जुनंच आहे म्हणा.

घाटपायथा
आहे, सगळं वाचतोय. थोडं थांबलो होतो, कारण प्रश्न मी अर्धाच विचारला होता.

कांचनाबुरीत दफनभूमीला लागूनच संग्रहालय आहे. तिथे कळलं की कैदी आपली घड्याळं, पेनं, अंगठ्या थाई व्यापाऱ्यांना विकून बदकाची अंडी आणि औषधं घ्यायचे. एकेका अंड्यावर माणूस तग धरायचा. हे मी बाबांना मराठीत सांगत होतो. बाबा म्हणाले, चल, बाहेर बसू. बाहेर बाकावर बसले आणि अर्धा तास बोलले नाहीत. मला वाटलं ऊन लागलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक घड्याळ काढलं. १९७१ ला बाबा बावीस वर्षांचे होते. शरण आलेल्या पाकिस्तानी सैनिकांना पूर्वेकडून आपल्याकडच्या कॅम्पात आणणाऱ्या एका गाडीवर त्यांचा पहारा होता. तीन दिवसांचा प्रवास. त्यांच्या डब्यात एक सुभेदार होता, बापाच्या वयाचा. त्याला विडीची तल्लफ. बाबांनी विडीचे दोन बंडल आणि काडेपेटी दिली आणि हातातलं घड्याळ घेतलं. सगळेच घेत होते म्हणे. पुढच्या दोन दिवसांत तो सुभेदार दर तासा-दोन तासांनी बाबांनाच विचारायचा, "बेटा, कितने बजे?" आणि बाबा त्याच्याच घड्याळात बघून सांगायचे.

ते घड्याळ बाबांनी कधी घातलं नाही. मागे उर्दूत काहीतरी कोरलंय. ५० वर्षांत कोणाला दाखवलं नाही. आता म्हणतात, शोध काढ, परत द्यायचंय.

मी लोमॅक्सबद्दल विचारत होतो, पण घरात नागासे आहे.

शब्दवेल्हाळ
अरे बापरे.

कॅप्टन_निवृत्त
नियम सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही. जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्याची वैयक्तिक वस्तू कैद्याचीच. घ्यायची तर पावती द्यायची, सुटताना परत करायची. सौदा झाला असला तरी तो सौदा नव्हे. हे तुमच्या वडिलांना माहीत आहे, नाहीतर ५० वर्षं कपाटात ठेवलं नसतं. मी त्यांना दोष देत नाही. बावीस वर्षांचा पोरगा, हातात बंदूक, समोर हरलेली फौज. माझ्याही हातून झालेल्या गोष्टी आहेत. त्या इथे लिहिणार नाही.

तिरपागडा
घाटपायथा, तुमच्या बाबांनी लाथ मारली नाही, पाणी ओतलं नाही. एक घड्याळ. जरा प्रमाण ठेवा.

अदिती_का
तिरपागडा, प्रमाण आपण नाही ठरवायचं. त्याने दोन दिवस वेळ विचारली, त्यावरून ठरवा.

तिरपागडा
मान्य. उरलेला अर्धा शब्दही मागे.

कट्टर_नागपुरी
आजोबांना माझा नमस्कार सांगा. बस.

खुलताबादी
उर्दू मला येतं, आमच्या आजीने शिकवलं. मागच्या बाजूचा फोटो टाका, उजेडात, तिरका धरून.

घाटपायथा
टाकला. पुसट आहे.

खुलताबादी
मोठा करून पाहिला. वरची ओळ स्वच्छ आहे : 'अब्बा की तरफ़ से'. म्हणजे बाबांकडून. खालच्या ओळीत नाव असणार, ते पट्ट्याच्या कडीने घासून गेलंय. शेवटचं अक्षर नून (म्हणजे आपला 'न') आहे एवढं खात्रीने सांगतो. त्याखाली आकडे, ६८. बहुतेक साल.

म्हणजे ते घड्याळ सुभेदाराच्या वडिलांनी सुभेदाराला दिलेलं, किंवा त्याने स्वतःच्या मुलासाठी कोरून घेतलेलं आणि द्यायचं राहून गेलेलं. दोन्ही होऊ शकतं. नुसत्या नूनवरून पुढचा शोध अवघड आहे. पलटणीचा नंबर आठवतो का त्यांना?

रानमेवा
राहून गेलेलं असेल तर... नको, मी काही लिहीत नाही.

घाटपायथा
खुलताबादी, आभारी आहे. पलटण विचारावी लागेल. बाबांना अजून वाचून दाखवलेलं नाही. आत्ता ओसरीवर बसलेत, आणि थायलंडहून आल्यापासून रोज करतात तसं, किल्ली देतायत. चालतं ते अजून.